बोरमाळेतली लाख

मराठीच्या प्राध्यापकाला हात असतात ते खडू धरण्यापुरते, असे माझ्या विद्यार्थ्यांचे मत आहे. ते माझ्या कानावर आलेले आहे. गेल्या श्रावणापर्यंत मला हे मत अन्यायाचे वाटत असे. आता वाटत नाही.

त्याचे झाले असे. श्रावण महिना काढायला आई लातूरहून आमच्याकडे नांदेडला आली होती. तिच्या गळ्यात कायम असते ती बोरमाळ. १९७० साली लग्नात तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आजीने, घातलेली. तीन तोळ्यांची. हे 'तीन तोळे' आमच्या घरात रामरक्षेइतक्या वेळा म्हटले गेले आहेत. आई सकाळी न्हायला गेली, माळ काढून माझ्या टेबलावर ठेवून गेली, आणि तिथून सरळ कीर्तनाला. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला. गठ्ठ्याबरोबर माळ खाली. मी खुर्ची मागे सरकवली. खुर्चीच्या पायाखाली काहीतरी 'कच्' म्हणाले.

मणी एकच चेपला होता. पण नुसता चेपला नव्हता. शिवणीवर उलला होता, आणि आतून काळपट तांबडा चुरा फरशीवर सांडला होता. सोन्याच्या मण्यातून हे काय निघाले म्हणून मी क्षणभर घाबरलो. मग आठवले की बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. लाख नसती तर पत्र्याइतका पातळ तो मणी पहिल्याच भाऊबिजेला चपटा झाला असता.

शहाण्या माणसाने इथे थांबावे. मी विचार केला की आई परत येईपर्यंत दोन तास आहेत. मण्याच्या उललेल्या कडेला एक कुसळासारखा टवका वर आला होता. तो कानशीने घासून बसवला, मणी जरा दाबून गोल केला, की वरवर तरी निभावेल. पण बोराच्या बीएवढा मणी धरायचा कसा? बोटांत धरला तर कानस मण्याऐवजी नखाला लागे. चिमट्यात धरला तर निसटून तो कपाटाखाली जाई. पकडीत धरायचे तर पकडीचे दात सोन्यावर उमटणार. तेव्हा माझ्यातल्या शास्त्रज्ञाने उचल खाल्ली. घरात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी होती. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मणी पेपरवेटला चिकटवायचा, पेपरवेट मुठीत धरायचा, आणि खुशाल घासायचे!

कल्पना वाईट नव्हती, हे मला आजही म्हणायचे आहे. टवका घासला गेला. अगदी छान घासला गेला. फक्त त्यानंतर मणी सुटेना. ओढला, सुटेना. सुरीचे टोक घातले, तेव्हा मण्याची कड फाटली. उजव्या हाताचा अंगठाही पेपरवेटशी जोडला गेला होता. तो मात्र सौ.ने कोमट साबणाच्या पाण्यात धरायला लावून सोडवला. सोडवताना ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आई आल्यावर मी सांगितले, "दोरा जीर्ण झाला होता, माळ पटवेकऱ्याकडे गाठवायला दिलीय." वयाच्या चाळिशीनंतर आईशी खोटे बोलणे फार अवघड जाते. सवय सुटलेली असते.

ज्या गोंदाने माझा घात केला त्याचा जन्मच अशा फजितीतून झालेला आहे, हे मी नंतर वाचले तेव्हा मला थोडे बरे वाटले. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचे रसायनतज्ज्ञ युद्धातल्या बंदुकांच्या नेमबिंदूसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांच्या हाती एक द्रव्य लागले. पण ते दिसेल त्याला चिकटे, म्हणून त्यांनी ते बाजूला टाकले. १९५१ साली त्यांच्या हाताखालच्या फ्रेड जॉयनर यांनी त्याच द्रव्याचा थेंब एका किमती उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये तपासायला घातला, आणि ते लोलक एकमेकांपासून सुटेनात. उपकरण गेले, पण गोंद सापडला. १९५८ साली तो बाजारात आला. हवेतला आणि पृष्ठभागावरचा किंचितसा ओलावा लागला की तो क्षणात घट्ट होतो. आपल्या बोटाला घाम असतो. बाकी समजून घ्यावे.

लातूरला माझा एक भाचा एमआयडीसीत लेथवर काम करतो. त्याला मी फोनवर हे सगळे सांगितले. तो हसला, पण माझ्यासाठी त्याने एक गोष्ट कबूल केली. "मामा, आम्हीबी असंच करतो की. पातळ चकती जबड्यात धरली की वाकडी होते. मग ती पितळी ठोकळ्यावर याच गोंदानं चिकटवायची अन् घासायची. पण तुम्ही सोडवायचं काय ठरवलं होतं?" मी म्हणालो, काहीच नाही. "तिथंच चुकलं तुमचं. काम झालं की ठोकळा तापवायचा, गोंद ढिला पडतो. धूर मात्र डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, लई झोंबतो. सरळ ओढलं तर तो सुटत नाही, कडेनं उचकटला तर सुटतो. पण तुमच्या मण्याला कड कुठंय?" मणी तापवू का, असे मी विचारले. "नका हो! आत लाख राहिली असंल तर उकळून बाहेर येईल. तुम्ही गोलाईत आप्पांकडं जा."

आठ दिवसांनी आईला पोचवायला निघालो. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. एस.टी.त आई खिडकीशी बसून शेतातले सोयाबीन बघत होती आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेला पेपरवेट होता, त्याला चिकटलेला एक सोन्याचा मणी, आणि वेगळ्या पुडीत उरलेली माळ. प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी पोटाशी धरत होतो. आईने दोनदा विचारले, "पोट दुखतंय का?"

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध जगदंबेचे देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. त्यांतल्या एकाच्या पोटगल्लीत आप्पांचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक गादी, एक ऐरण, एक शेगडी आणि एक खिडकी. आप्पा सत्तरीला टेकले आहेत. मुलगा मोठ्या पेढीवर नोकरीला. तिथे दागिने साच्यातून तयार होऊन येतात. लाखेचे काम करणारे असे आता आप्पाच, आणि त्यांच्याकडेही ते वर्षाकाठी फार थोडे येते.

मी रुमाल सोडला. आप्पांनी पेपरवेट डोळ्यांजवळ नेला, फिरवला, काचेतून मणी खालून पाहिला आणि म्हणाले, "प्रोफेसर, धरलंस तर झ्याक. सोडवायचं कुणी?"

भाच्याचेच वाक्य. दोघांची भेट झाली नव्हती, हे मी नंतर विचारून घेतले.

मग त्यांनी नातीला हाक मारली. ती नखांचा रंग काढायचे औषध घेऊन आली. त्यात असते ते ॲसिटोन. कापसाचा बोळा भिजवून त्यांनी मण्याभोवती गुंडाळला, वर वाटी पालथी घातली आणि मला म्हणाले, "बस आता. अर्धा घंटा. चहा पी." लाखेच्या माणसाला हे ठाऊक कसे? "तू काय पहिला आहेस? बायका फुटकी फिरकी गोंदानं चिकटवून आणतात, मग कानातून निघंना म्हणून रडत येतात."

त्या अर्ध्या तासात मी त्यांचे दुसरे काम पाहत बसलो. एका मुलीचे पैंजण होते, त्यातल्या पानाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर नक्षी उकरायची होती. आप्पांनी लाकडी कांडी घेतली. तिच्या टोकाला काळपट तांबडा गोळा होता: लाख, आणि तिच्यात विटकरीची बारीक पूड. नुसती लाख ठिसूळ असते, पूड घातली की तिला अंग येते. गोळा शेगडीवर धरून त्यांनी मऊ केला. मला वाटले, आता पत्रा दाबतील. नाही. त्यांनी चिमट्यात पत्राही धरून शेकला. "थंड चांदी लाखेवर ठेवली की लाख दचकते. वरून चिकटल्यासारखी दिसते, पहिल्या ठोक्याला सुटते. दोघंबी गरम पाहिजेत." मग पत्रा दाबला, कडेची लाख ओल्या बोटाने सारखी केली, आणि कांडी पाण्यात बुडवली. बस! तो पत्रा आता त्यांच्या हाताचाच भाग झाला होता. कांडी मुठीत फिरे, कलम एका जागी राही. पत्रा खालून सबंध टेकलेला, म्हणून ठोका कुठेही पडला तरी तो दबेना की वाकेना; आणि पकडीचे दात कुठे उमटायचा प्रश्नच नाही. काम झाल्यावर कांडी पुन्हा शेगडीवर दोन क्षण, आणि पत्रा उचलून बाजूला. मागे राहिलेला लाखेचा डाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. सुटताना त्या पत्र्याने हूं की चूं केले नाही.

हीच युक्ती मी अगोदर पाहिली होती, पण पाहूनही पाहिली नव्हती. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, पंच्याण्णवावे. अध्यक्ष भारत सासणे. परिसंवाद संपल्यावर आम्ही चौघे बीदरला गेलो. जवळच आहे, आणि एके काळी बीदर, उदगीर, लातूर, नांदेड सगळे निजामाच्या एकाच राज्यात होते. तिथे बिदरी कामाची दुकाने आहेत. जस्तात थोडे तांबे मिसळून सुरई किंवा डबी ओततात. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे, असे प्रमाण सांगतात. ती घासून, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करून, तिच्यावर नक्षी रेखतात. मग वस्तू लाकडी ठोकळ्यावर लाख-मेणाच्या लुकणाने पक्की बसवतात आणि बारीक छिन्नीने रेषा खोदतात. त्या खोबणीत चांदीची तार ठोकून भरतात. शेवटी वस्तू किंचित गरम करून नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप चोळतात. जस्त कायमचे काळेभोर होते, चांदी मात्र शुभ्रच राहते. याच कामासाठी बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या दिवशी आम्ही चौघे साहित्यिक ती चांदीची वेलबुट्टी पाहून वाहवा करीत होतो. खालचा लुकणाचा ठोकळा आमच्यापैकी एकाच्याही नजरेत भरला नाही.

पेशाला जागून इथे शब्दांविषयी दोन शब्द. लाख हे संस्कृत लाक्षेपासून आले. पांडवांसाठी दुर्योधनाने बांधवले ते लाक्षागृह याच ज्वालाग्राही द्रव्याचे. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे लाखोंच्या संख्येने चिकटतात आणि अंगाभोवती राळेसारखा रस सोडतात, तीच लाख. बोरमाळेला नाव बोराचे आणि तिच्या पोटातला ऐवजही बोरीच्याच फांदीवर होणारा, हे जमून आलेले मला फार आवडते. आपल्याकडे ही उपज गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात होते, पण खरे माहेर झारखंड आणि छत्तीसगड. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी संस्थाच स्थापन झाली. आजोबांच्या ग्रामोफोनच्या त्या जड तबकड्यांत लाखच असे. आणि आपला 'लाखोटा'? ज्या पत्राच्या तोंडावर लाख वितळवून मोहोर उमटवली तो लाखोटा. आजच्या मुलांना लाख ही फक्त पगाराच्या आकड्यात ठाऊक आहे. माझ्या वर्गात 'लाखोटा' म्हणजे काय, असे विचारले तर एकाने 'मोठा लखोबा' असे उत्तर दिले होते. मी त्याला अर्धा गुण दिला.

नांदेडला वजिराबादेत एक घड्याळजी आहेत. वडिलांचे एचएमटी मी त्यांच्याकडेच नेतो. ते मला मागे म्हणाले होते की घड्याळाच्या पोटात नांगरासारखा जो तुकडा टिकटिक करतो, त्याच्या दोन्ही टोकांचे तांबडे खडे लाखेनेच बसवलेले असतात. खडा केसभर पुढेमागे करायचा तर तुकडा जरा शेकायचा, सरकवायचा, थंड होऊ द्यायचा. म्हणून तो भाग धुताना स्पिरिटमध्ये फार वेळ ठेवत नाहीत. लाख विरघळली की खडा गेला. वडील गेले त्याला पंधरा वर्षे झाली. त्यांचे घड्याळ मात्र लाखेच्या दोन ठिपक्यांवर अजून चालते आहे.

असो. वाटी उचलली. मणी काचेवरून हलकेच निघाला. आप्पांनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, "फाटलाय. झाळावा लागंल. पण आत लाख असताना जाळ दाखवता येत नाही." त्यांनी मण्यातली उरलीसुरली लाख ऊब देऊन काढली, मणी स्वच्छ केला, आणि सवयीने तराजूत टाकला. काटा पाहून त्यांनी माळेतला एक धड मणीही सोडवून दुसऱ्यांदा वजन केले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. मराठीचा प्राध्यापक असलो तरी निमपट ओळखण्याइतके गणित मला येते. लाखेसकटचा मणी रिकाम्या मण्याच्या दुप्पट भरत होता.

"आप्पा," मी म्हणालो, "म्हणजे माळ तीन तोळ्यांची..."

"तीन तोळ्यांचीच हाय. दीड सोनं, दीड लाख."

मला घाम फुटला. आईने या माळेचे काय करायचे ते ठरवून ठेवले आहे. माझ्या बहिणीच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे, आणि 'तीन तोळे मी घालणार' असा आईचा शब्द गेलेला आहे. व्याह्यांकडे तो पोचलेलाही आहे. उद्या कुणी तिकडे माळ मोडायला नेली तर? मुशीत लाख जळून जाईल आणि अर्धे वजन धुराबरोबर. आईचा शब्द त्या धुरात. तिला हे सांगायचे कसे? आणि कुणी?

"कुणीच नाही," आप्पा फुंकणी पुसत म्हणाले. "तिला ठाऊक हाय."

१९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यात त्या वर्षी काय झाले ते मी पुस्तकांतून वाचलेले, आप्पांनी पाहिलेले. ते तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, बापाच्या हाताखाली भाता ओढणारे. आई याच गादीवर आली होती, पदराआड माळ घेऊन, गहाण टाकायला. त्यांच्या वडिलांनी मणी फोडून दाखवला आणि दीड तोळ्यावरच पैसे दिले. "तुझी माय काही बोलली नाही. नुसती बघत बसली. मग माझ्या बापाला म्हणली, भरून द्या तशीच, अन् घरी सांगू नका. सासूबाईंनी तीन तोळे म्हणून चारचौघांत घातली हाय, त्यांचा शब्द खाली पडायला नको. दोन वर्षांनी सोडवून नेली."

आजी १९९१ साली गेली. वडील २०१०ला. दोघेही 'तीन तोळे' म्हणतच गेले.

आप्पांनी मणी झाळला. फुंकणीतून एवढीशी ज्योत, जिऱ्याएवढा जोड, आणि फाटलेली कड भरून आली. मग लाख वितळवून छिद्रातून आत भरली, वरून तार फिरवून दोऱ्यासाठी वाट ठेवली. उजाळा दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "मजुरी दे, गोंदाचं शिक्षण फुकट." निघताना मी विचारले, मार्गशीर्षात काय करायचे? ते म्हणाले, "ते तुझ्या मायला विचार. तिनं पन्नास वर्षं धरून ठेवलंय, सोडायचं कधी ते तीच ठरवील." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

संध्याकाळी आईच्या हातात माळ दिली. तिने ती दिव्याखाली नेली आणि जपमाळ ओढावी तसा एकेक मणी बोटांखालून सरकवला. एका मण्यापाशी अंगठा थांबला.

"पटवेकरी मणी कधीपासून दुरुस्त करायला लागले रे?"

मी सगळे सांगितले. खुर्ची, गोंद, पेपरवेट, आप्पा. तराजूचे मात्र सांगितले नाही. ती ऐकत होती आणि माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटते, मी काय गाळले तेही तिला ऐकू आले. मग म्हणाली, "दिवाळी झाली की तू अन् ताई दोघं इथं या. लग्नाआधी त्या पोरीच्या सासूशी मलाच बोलायचंय. वजनाचं."

"काय बोलणार?"

"ते मी बघीन." तिने माळ गळ्यात घातली, मागचा फासा स्वतःच ओढला. "आप्पानं लाख कोणती भरली? जुनीच का नवी?"

मी म्हणालो, नवी.

"तरीच थोडी हलकी वाटायली," असे म्हणून ती चहा टाकायला उठली.